ओल्या गोधड्यांचा इतिहास

आमच्या घराण्याचा इतिहास लिहायचं आमच्या मोठ्या काकांनी फार वर्षांपूर्वी मनावर घेतलं होतं. वंशावळ, दारव्ह्याजवळचं वावर कधी घेतलं, कधी विकलं, कोण कुठल्या साली नोकरीसाठी नागपूरला गेलं, कुणाची सोयरीक कुठे झाली, सगळं एका लांबट वहीत आहे. वही चांगलीच आहे, हस्ताक्षर तर छापल्यासारखं. पण एक गोष्ट तिच्यात नाही, आणि आमच्याच काय, कुणाच्याच घराण्याच्या वहीत ती नसते. सकाळी सकाळी अंगणातल्या तारेवर वाळत पडलेली गोधडी.

विषय लक्षात आला असेलच. नाक मुरडायचं असेल त्यांनी इथेच थांबावं, माझा राग नाही. आणि नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना आधीच सांगतो, नावं गाळली आहेत. कोण ते ओळखलंत तरी चारचौघांत बोलू नका. (मोठी आत्या, हे खास तुझ्यासाठी.)

तर, गोधडी. आजीच्या लहानपणी, म्हणजे १९३०च्या आसपास, आमच्याकडे पोरं झोपायची ती सारवलेल्या जमिनीवर. खाली तरट, त्यावर गोधडी, ओळीने पाच-सहा पोरं. यवतमाळ जिल्हा कापसाचा, तेव्हा घरोघरी गाद्या असतील असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण कापूस पिकवणाऱ्याच्या घरचा कापूस विकायला असतो, झोपायला नव्हे. गाद्या आल्या त्या पुढे, नोकरीवाले झाल्यावर. आणि कापसाच्या गादीचा एक स्वभाव आहे. ती ओली झाली की वरून वाळते, आतून वाळत नाही. आत गठ्ठे होतात, वास बसतो, मग पिंजाऱ्याला बोलावून उसवायची, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायची. म्हणजे पैसे आले. तरटावर शू करणाऱ्या पोराला आजीच्या सासूबाई नुसतं "ऊठ रे" म्हणत. गादीवर करणाऱ्याला पुढच्या पिढीत रट्टे बसले. अंथरूण महाग होत गेलं तसतसा पोराचा गुन्हा मोठा होत गेला, असा माझा तर्क आहे. पुरावा विचाराल तर आजीच्या गप्पा, दुसरा नाही.

आजीकडे या दुखण्याची कारणंही तयार असायची. पहिलं कारण विस्तव. "पोट्ट्या, इस्तवाशी नको खेयू, राती हातरुनात मुतशीन!" हे वाक्य वऱ्हाडात ज्याने ऐकलं नाही तो वऱ्हाडात वाढलाच नाही. मला वाटायचं हे आपल्याकडचंच शहाणपण. पुढे कळलं की जर्मन आजीबाईही नातवंडांना हेच सांगत आल्या आहेत, विस्तवाशी खेळशील तर अंथरूण भिजवशील. आणि कोरियातल्या आज्याही. कोरियात तर त्यापुढे शिक्षाही होती. ज्याने अंथरूण ओलं केलं त्या पोराच्या डोक्यावर पाखडायचं सूप ठेवायचं आणि त्याला शेजाऱ्यांकडे मीठ मागायला पाठवायचं. शेजारीण काय समजायचं ते समजायची. आता ही प्रथा गमतीची गोष्ट म्हणून सांगतात, पण त्या सुपाखालच्या पोराला ती कितपत गमतीची वाटली असेल कोण जाणे.

औषधांचा इतिहास याहून मजेदार आहे. इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्ये या तक्रारीवर उपाय आहे. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहितो की मुलांना उकडलेला उंदीर जेवणातून द्यावा. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात टॉमस फेअर नावाच्या वैद्याने बालरोगांवर इंग्रजीतलं पहिलंच म्हणता येईल असं पुस्तक लिहिलं. त्यात अंथरुणात मुतण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि औषधांत कोंबड्याची श्वासनलिका आणि साळिंदरासारख्या एका काटेरी प्राण्याचं वृषण भाजून केलेली पूड. आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत बालरोगांच्या यादीत 'शय्यामूत्र' हे नाव येतं. म्हणजे वैद्यांनी याला रोग म्हणून ओळख दिली होती, खोडी म्हणून नव्हे. ते मला बरं वाटतं.

आमच्या घरचं औषध मात्र तीळ-गुळाचा लाडू. रोज एक, संक्रांतीपासून पुढे. खारीक घातलेलं दूध हा पोटभेद. आणि आजी शपथेवर सांगायची की लाडवाने होळीपर्यंत पोरगं कोरडं उठायला लागतं. तिचं निरीक्षण खोटं नव्हतं. फक्त हे बघा. थंडीत घाम येत नाही, म्हणून लघवी जास्त होते, आणि ज्या मुलांना हा त्रास असतो त्यांचा तो हिवाळ्यात वाढतो. लाडू सुरू होतो नेमका जानेवारीत. होळीला यवतमाळात ऊन तापायला लागलेलं असतं, पुढे तर पोरं अंगणात बाजेवर झोपतात, अंगातलं पाणी घामावाटेच जातं. लाडवाला काही न करताच यश. शिवाय दरवर्षी, काहीही केलं नाही तरी, अंथरूण ओलं करणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा आपोआप बरी होतात. १९७४ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हा आकडा आला आणि पुढच्या अभ्यासांतही तो फारसा हलला नाही. म्हणजे शंभर घरांत उंदीर उकडा, लाडू वळा, ताईत बांधा, पंधरा घरं तुमचं नाव घेणारच! मला लाडू आवडतो, उंदरापेक्षा तर फारच, तेव्हा तो चालू द्यावा. पोराच्या पोटात काहीतरी चांगलं जातं.

वाईट काय ते लाडवात नाही, बाकीच्यात आहे. माझा एक मावसभाऊ सहा वर्षांचा असताना वसतिगृहात राहिला. कुठल्या ते सांगत नाही, कारण सांगून आता काही उपयोग नाही. घरी तो कोरडा उठत असे. तिथे गेल्यावर पंधरा दिवसांत सुरू झालं. तिथली रीत अशी की ज्याचं अंथरूण ओलं त्याने ते प्रार्थनेच्या वेळी खांद्यावर घेऊन उभं राहायचं. आज तो चाळिशी ओलांडलेला, मिशा राखणारा माणूस आहे, आणि हे सांगताना हसतो. पण त्याला विचारलं की रात्री काय करायचास, तर म्हणाला, "झोपायचोच नाही. भिंतीला टेकून बसायचो. मग पहाटे कधी डोळा लागला की संपलं."

जॉर्ज ऑर्वेलने हेच लिहून ठेवलं आहे. ऑर्वेल १९०३ साली आपल्या बिहारमधल्या मोतिहारीला जन्मला, आणि १९११ मध्ये, आठव्या वर्षी, इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत टाकला गेला. तिथे गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत, कधीच सुटलेली ही सवय परत आली. मुख्याध्यापकांनी घोडेस्वारीच्या छडीने मारलं. बाहेर येऊन तो म्हणाला, लागलं नाही. ते ऐकू गेलं, मग दुसऱ्यांदा असं मारलं की छडी मोडली. त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापलेल्या त्या लेखात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट छडीची नाही. आठ वर्षांच्या पोराला तेव्हा पटलं होतं की आपण पाप करतो आहोत, आणि ते न करणं आपल्या हातात नाही.

हातात नाही, हे डॉक्टरांना पटायलाही बराच काळ गेला. गंमत म्हणजे आजवर सर्वांत टिकाऊ ठरलेला उपाय कुणी शोधायला गेलंच नव्हतं. १९०४ साली माइनहार्ट फॉन फाउंडलर या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी एक घंटी बसवली. मुलाने अंथरूण ओलं केलं की विजेचं मंडल पूर्ण व्हायचं आणि घंटी वाजायची, म्हणजे कपडे बदलायला लगेच जाता यावं. हेतू एवढाच. पण काही दिवसांनी लक्षात आलं की घंटी लावलेली पोरं हळूहळू कोरडी राहायला लागली आहेत! पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत ओ. होबार्ट मॉवरर आणि विली मे मॉवरर या दांपत्याने मुद्दाम औषध म्हणून ती वापरली. ३० मुलं होती, आणि सगळीच्या सगळी सलग १४ रात्री कोरडी राहण्याच्या टप्प्याला पोचली. आजचा ओलाव्याचा अलार्म हा त्याच घंटीचा नातू, चड्डीला चिमट्याने लावण्याइतका लहान झालेला. आता आकडे मॉवररांइतके गोंडस येत नाहीत. तीनातली दोन मुलं सुधारतात, दोन-तीन महिने चिकाटी लागते, आणि काहींचं थांबवल्यावर पुन्हा सुरू होतं.

१९८०च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दुसरा धागा पकडला. रात्री आपल्या शरीरात एक संप्रेरक वाढतं, ते मूत्रपिंडाला सांगतं की आता लघवी कमी आणि दाट कर. या मुलांपैकी बऱ्याच जणांत ते रात्री वाढतच नाही. मूत्रपिंड दिवसासारखं काम करत राहतं. सहा वर्षांच्या मुलाचं मूत्राशय साधारण २१० मिलिलिटर धरतं (हिशोब सोपा आहे, वयात एक मिळवा आणि तीसने गुणा), ते मध्यरात्रीच भरतं, आणि पोराची झोप अशी गाढ की वाजंत्री आणली तरी उठत नाही. त्या संप्रेरकासारखं काम करणारं डेस्मोप्रेसिन हे औषध आता मिळतं. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यायचं, आणि दिल्यावर रात्री वर पाणी प्यायचं नाही, नाहीतर रक्तातलं मीठ धोकादायक उतरतं. औषध थांबवलं की अनेकदा जैसे थे. सहलीला, लग्नाला जाण्यापुरतं उपयोगी, असं मला एका बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं.

आणि तिसरा धागा, ज्याच्यासाठी मला काकांची वही आठवली. आनुवंशिकता. आईवडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के, एकालाच असेल तर ४४, कुणालाच नसेल तर १५. हे १९७०च्या दशकातले अमेरिकन आकडे आहेत, आणि १९९५ मध्ये डेन्मार्कच्या काही कुटुंबांत तेराव्या गुणसूत्रावर त्याचा मागही लागला. म्हणजे पोराला रट्टा घालणारा बाप बहुतेक वेळा त्याच तारेवरच्या गोधडीतून मोठा झालेला असतो, आणि ते त्याला आठवत नाही किंवा आठवायचं नसतं. मी आमच्याकडे चौकशी केली. आधी कुणी कबूल होईना. मग आत्याच्या पोतडीतून बाहेर पडायला लागलं. काकांच्या त्याच सुबक वंशावळीत मी पेन्सिलीने बारीक टिंबं देत गेलो. तीन पिढ्यांत अकरा टिंबं! वही लिहिणाऱ्या काकांच्या नावापाशीही एक आहे. त्या अकरा जणांपैकी प्रत्येकाला लहानपणी वाटत होतं की घराण्यात असा करंटा आपण एकटेच.

इथपर्यंत गोष्ट लाजेची आहे. पण आमच्या जिल्ह्यात ती तिथेच संपत नाही.

पांढरकवड्याकडे सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलेल्या एक निवृत्त परिचारिका आमच्या ओळखीच्या आहेत. त्यांना मी हे सगळं मोठ्या उत्साहाने ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोराला संध्याकाळनंतर पाणी तोडता का तुम्ही?" म्हटलं, तोडतातच की सगळे. आमच्याकडे तर सहानंतर तांब्याच लपवून ठेवत. त्या म्हणाल्या, "आमच्या भागात आधी रक्त तपासा म्हणावं. मग पाण्याचं बोला."

सिकलसेल हे नाव विदर्भात घरोघरी माहीत आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं, तेव्हापासून तरी हा आजार इथे आहे हे वैद्यकाला ठाऊक आहे. गोंड, परधान यांसारख्या आदिवासी समाजांत, अनुसूचित जातींत आणि इतरही काही समाजांत तो पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. एका पालकाकडूनच दोष आला तर माणूस वाहक होतो, एरवी ठणठणीत. किंबहुना अशा वाहकाला लहानपणी जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळतं, आणि हिवतापाच्या मुलखात हा दोष टिकून राहिला तो म्हणूनच. दोघेही पालक वाहक असले तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता की ते रुग्ण असेल. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मूत्रपिंडाचा सर्वांत आतला भाग, जिथे लघवी दाट होते, तिथे प्राणवायू मुळातच कमी, म्हणून तिथली नासधूस फार लवकर होते, अगदी लहान वयात. अशा मुलाचं मूत्रपिंड लघवी दाट करूच शकत नाही. दिवसा पातळ, रात्रीही पातळ, आणि भरपूर. मग अंथरूण ओलं होणारच. जमैकात या आजाराच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्यातही ही तक्रार इतर मुलांपेक्षा जास्त आढळली.

आता त्या मुलाला आई पाणी तोडते. तिच्या समजुतीने भल्यासाठीच. लघवी कमी होत नाही, कारण मूत्रपिंडाला ती कमी करता येत नाही. पाणी मात्र शरीरातून जातच राहतं, रक्त घट्ट होतं, पेशी आणखी वाकतात. सिकलसेलच्या असह्य वेदनांचा झटका यायला ज्या कारणांचा हात असतो त्यात अंगातलं पाणी कमी होणं हे अगदी वरचं. आणि हे यवतमाळात, जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो. त्या बाई म्हणाल्या, अशी पोरं त्यांनी पाहिली आहेत, रात्रभर हाडं धरून रडणारी, आणि घरचे म्हणत, मुततं म्हणून पाणी देत नव्हतो.

याचा अर्थ अंथरूण भिजवणारं प्रत्येक पोर सिकलसेलचं, असा मुळीच नाही. बहुतेकांना काहीच झालेलं नसतं. पाच वर्षांच्या वयात शंभरातली पंधरा-वीस मुलं ओली उठतात, सातव्या वर्षी दहाच्या आसपास, आणि त्यांतली जवळपास सगळी निरोगी असतात. पण घरात कुणाला सिकलसेल असेल, पोराचे डोळे पिवळट दिसत असतील, हातपाय सुजत-दुखत असतील, सारखा ताप येत असेल, तर रक्ताचा एक थेंब तपासून घ्यायला काय जातं? सरकारी दवाखान्यात ही पहिली चाचणी होते. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७चं उद्दिष्ट ठेवून, तिच्यातही भर या तपासणीवरच आहे. शिवाय सहा महिने कोरडं राहिलेलं पोर एकाएकी पुन्हा भिजवायला लागलं, सारखं पाणी मागू लागलं, वजन उतरलं, तर मधुमेह असू शकतो. तिथे लाडू नाही, घंटी नाही, त्याच दिवशी डॉक्टर. लघवीला जळजळ, दिवसाही चड्डी ओली होणं, यांनाही डॉक्टरच.

मला राहून राहून आठवतात त्या आश्रमशाळा. पांढरकवडा आणि पुसद अशी आदिवासी प्रकल्पाची दोन कार्यालयं जिल्ह्यात आहेत, त्यांच्याखाली कितीतरी शाळा. पहिलीतलं सहा वर्षांचं पोर घरापासून लांब, रात्री अंधारातून संडासापर्यंत जायची भीती, आणि नेमकी हीच ती मुलं ज्यांच्या रक्तात सिकलसेल असण्याची शक्यता जास्त. चाळीस पोरांच्या खोलीत चार-पाच तरी ओली उठणार, हे नुसतं गणित आहे. तिथे खोलीबाहेर एक दिवा, चार जादा चादरी, रबरी कापड, आणि पाण्याच्या माठावर पहारा नाही, एवढं असलं तरी अर्धं काम झालं. काही ठिकाणी समजूतदार अधीक्षिका हे गुपचूप करतात, असं त्या परिचारिका सांगतात. एक बाई तर म्हणे पहाटे चारला उठून ओल्या चादरी स्वतःच बदलायच्या, पोरं उठायच्या आत.

निरोग्या पोरांसाठी घरी काय करायचं ते फार नाही. पाणी सकाळी-दुपारी पोटभर द्यायचं, म्हणजे रात्री तहान आपोआप कमी लागते. तोडायचं नाही. पोट साफ आहे ना ते बघायचं, कारण बद्धकोष्ठाने मूत्राशय दाबलं जातं आणि हे निम्म्या घरांत कुणाच्या ध्यानातच येत नाही. झोपण्याआधी दोनदा शू. संडास अंगणाच्या टोकाला असेल तर दिवा लावून ठेवायचा. आमच्याकडे विंचवाच्या भीतीने मोठी माणसंही रात्री उठायला कचरायची, तिथे पोरांचं काय! भिजलं तर चादर काढायला पोराने हात लावावा, शिक्षा म्हणून नाही, कामाचा भाग म्हणून. आणि सात वर्षांनंतरही त्याला त्रास वाटत असेल तर अलार्म.

तो आमच्या एका भाच्यासाठी नुकताच मागवला. सात वर्षांचा, गुटगुटीत, लाडवाचा भोक्ता. वंशावळीतलं बारावं टिंब. घरी सगळे एकाच खोलीत ओळीने झोपतात. पहिल्या रात्री दोन वाजता घंटी वाजली. आजोबा उठले, आजी उठली, वहिनी उठली, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने दिवा लावला. भाचा घोरत होता. हे असंच होतं म्हणतात सुरुवातीला, मोठ्यांनीच त्याला हलवून उठवायचं असतं. काल वहिनीचा फोन आला, सोळावी रात्र झाली. घंटी वाजली तेव्हा तो स्वतःच उठून बसला होता, आणि झोपेतच आजोबांना म्हणाला, "आबा, तुमची वाजली वाटतं."